सुई टोचली, मग तासभर गप्प का?

प्रश्न: आईला पेट स्कॅनच्या आधी इंजेक्शन देऊन तासभर पडून राहायला लावलं, गप्पासुद्धा नाहीत. एवढं कशाला?

उत्तर: अहो, पेट स्कॅन म्हणजे शरीरात कुठली पेशी किती राबते त्याचा फोटो. इंजेक्शनात एफडीजी असतं, म्हणजे साखरेसारखाच रेणू पण त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चिकटवलेलं, आणि जी पेशी जास्त राबते ती ते जास्त ओढते, कॅन्सरची गाठ तर बहुतेकदा अधाशीच! आता आईंनी बडबड केली तर घशाचे स्नायूही ओढणार, फोटोत तिथंच उजळ डाग, मग डॉक्टर बसले डोकं खाजवत. १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी वगैरे मंडळींनी हे एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं ते मेंदू बघायला, कॅन्सरचं नंतर आलं. किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे लवकर ओसरतो, फक्त त्या दिवशी आईंनी तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसू नये.