सर्टुइन, हृदय आणि वार्धक्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘वय थांबवणारी प्रथिने’ अशी सर्टुइनची जाहिरात सुरू झाल्यापासून या विषयावरची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : सर्टुइन म्हणजे नेमके काय आणि त्यांचा हृदयाशी काय संबंध आहे? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : सर्टुइन हा विकरांचा (एन्झाइमचा) एक गट आहे. इतर प्रथिनांना चिकटलेला ॲसेटिल नावाचा छोटा रासायनिक गट काढून टाकणे हे त्यांचे मुख्य काम. तो गट निघाला की त्या प्रथिनाचे वागणे बदलते. कधी ते अधिक जोमाने काम करते, तर कधी थंडावते. प्रत्येक वेळी या कामासाठी एनएडी नावाचा एक रेणू खर्ची पडतो, आणि अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेतही हाच रेणू मध्यवर्ती असल्यामुळे पेशीला ऊर्जेची चणचण आहे की सुबत्ता, याची खबर सर्टुइनमार्फत थेट जनुकांपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लेनर्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये यीस्टच्या पेशीत सर-2 या सर्टुइन बनवणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत घातली, तेव्हा त्या पेशीचे आयुष्य सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एनएडीशी असलेले हे नाते उलगडले.

माणसात अशी सात सर्टुइन आहेत, त्यांना सर्ट-1 ते सर्ट-7 म्हणतात. पहिले, सहावे आणि सातवे प्रामुख्याने केंद्रकात, दुसरे मुख्यतः पेशीद्रवात, तर तिसरे, चौथे आणि पाचवे तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांमध्ये, काम करते. हृदयाचा स्नायू जन्मापासून अखेरपर्यंत विश्रांती घेत नाही आणि त्याची पेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेली असते, त्यामुळे हृदयाच्या दृष्टीने सर्ट-3 विशेष महत्त्वाचे ठरते. ते सायक्लोफिलिन-डी या प्रथिनावरील एका ठरावीक जागेचा ॲसेटिल गट काढते आणि त्यामुळे ताणाच्या वेळी तंतुकणिकेच्या आवरणातले छिद्र सहजासहजी उघडत नाही. हे छिद्र उघडले की ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि पेशी मरू शकते. सर्ट-3 नसलेल्या उंदरांचे हृदय वयाबरोबर जाड आणि तंतुमय होत जाते, आणि त्यांची महाधमनी बांधून अरुंद केली, म्हणजे उच्च रक्तदाबासारखा भार हृदयावर टाकला, तर ते इतर उंदरांपेक्षा फार लवकर हार मानते.

सर्ट-6 ची गोष्टही अशीच लक्षात राहण्याजोगी आहे. हे प्रथिन नसलेली उंदराची पिल्ले जन्मतः बरी दिसतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्या त्वचेखालची चरबी नाहीशी होते, पाठीला बाक येतो, रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि साधारण चार आठवड्यांत ती दगावतात. नागलिंगम सुंदरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले की निकामी होत चाललेल्या मानवी हृदयात सर्ट-6 चे प्रमाण कमी असते आणि उंदरांत ते वाढवल्यास हृदयाची विकृत वाढ रोखता येते. सुंदरेसन यांची प्रयोगशाळा पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच विषयावर काम करू लागली, याचा उल्लेख मला आवर्जून करावासा वाटतो.

प्रश्न : मग शरीरातील सर्टुइन वाढवले तर हृदय तरुण राहील, असे म्हणता येईल का? (अभियंता, पुणे)

उत्तर : नाही, आणि या नकाराचे कारण समजून घेणे फार आवश्यक आहे. न्यू जर्सीतील संशोधकांनी 2007 मध्ये उंदरांच्या केवळ हृदयात सर्ट-1 चे प्रमाण वेगवेगळ्या पातळ्यांवर वाढवले. अडीच ते साडेसात पट वाढ झालेल्या उंदरांत वयानुसार येणारी हृदयाची जाडी, तंतुमयता आणि पेशींचा मृत्यू कमी झाला. मात्र ज्यांच्यात ही वाढ साडेबारा पट झाली, त्यांच्यात नेमके उलटे घडले : ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला, पेशी अधिक मरू लागल्या आणि हृदयस्नायूचा आजार जडला. एकच प्रथिन, एकच अवयव, आणि तरीही तारणारे प्रमाण व मारक प्रमाण यांत अंतर इतके थोडे. त्यामुळे ‘सर्टुइन वाढवा’ असा सरसकट सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आयुर्मानाबद्दलचे पुरावेही सुरुवातीला वाटले तितके भक्कम राहिले नाहीत. सर-2 सारखे जनुक वाढवल्यास गोलकृमी बरेच अधिक जगतात, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण 2011 मध्ये कृमी आणि फळमाशी या दोहोंची आनुवंशिक पार्श्वभूमी काटेकोरपणे सारखी करून प्रयोग पुन्हा केले गेले, तेव्हा तो लाभ दिसेनासा झाला. उंदरांच्या सर्व शरीरात सर्ट-1 वाढवल्याने त्यांची प्रकृती सुधारली, आयुष्य मात्र वाढले नाही. सर्ट-6 वाढवलेले उंदीर अधिक जगले खरे, परंतु 2012 च्या प्रयोगात केवळ नर. माद्यांच्या आयुष्यात तेव्हा तसा फरक पडला नाही, 2021 च्या प्रयोगात मात्र माद्याही अधिक जगल्या. हृदयाचे रक्षण आणि दीर्घायुष्य हे दोन वेगळे दावे आहेत, आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्यापेक्षा पुष्कळ बळकट आहे.

प्रश्न : रेड वाइनमधील रेस्व्हेराट्रॉल सर्टुइनला चालना देते, म्हणून रोज एक ग्लास घ्यावी, असे मित्र सांगतात. आमच्याकडे द्राक्षे आणि वाइन दोन्ही सहज मिळतात. (द्राक्ष बागायतदार, नाशिक)

उत्तर : द्राक्षे अवश्य खा, मधुमेह असेल तर बेताने. हृदयासाठी म्हणून वाइन मात्र सुरू करू नका. 2006 मध्ये गाजलेल्या प्रयोगात स्निग्ध आहारावरील लठ्ठ उंदरांना शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 22 मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल रोज दिले गेले होते. एक लिटर रेड वाइनमध्ये ते फार तर काही मिलिग्रॅम असते. म्हणजे 70 किलो वजनाच्या माणसाने ती मात्रा वाइनमधून मिळवायची ठरवली, तर त्याला रोज शेकडो लिटर प्यावी लागेल. शिवाय नेहमीच्या आहारावरील उंदरांचे आयुष्य रेस्व्हेराट्रॉलने वाढले नाही. इटलीतील कियांती या वाइनसाठीच प्रसिद्ध असलेल्या भागात 65 वर्षांवरील 783 जणांचा अभ्यास झाला. लघवीतील रेस्व्हेराट्रॉलचे अंश आणि मृत्यू किंवा हृदयविकार यांचा काहीही संबंध त्यात आढळला नाही.

औषधनिर्मितीचा अनुभवही असाच आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने सर्टुइनला चालना देणारी औषधे शोधणारी सर्ट्रिस ही संस्था 2008 मध्ये 72 कोटी डॉलरना विकत घेतली होती, आणि 2013 मध्ये तिचे स्वतंत्र कार्यालय बंद केले.

प्रश्न : अमेरिकेतील मुलाने एनएमएनच्या गोळ्या पाठवल्या आहेत. माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे. वय 68. नेहमीच्या गोळ्यांऐवजी या घेतल्या तर चालतील का? (वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या नेहमीच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची, कोणत्याही कारणाने स्वतःहून बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाल्यास जीवावर बेतू शकते, आणि एनएमएन ती गुठळी रोखते असा पुरावा नाही.

आता एनएमएनविषयी. वयाबरोबर ऊतींतील एनएडी घटते आणि एनएमएन हा ते तयार करण्याचा कच्चा माल आहे, एवढे खरे. परंतु एनएडीच्या विहिरीवर केवळ सर्टुइनचा पंप बसवलेला नाही. डीएनएची दुरुस्ती करणारी विकरे त्याच विहिरीतून पाणी उपसतात, आणि दाहाबरोबर वाढत जाणारे सीडी-38 हे विकर तर वयाबरोबर अधिकच जोरात उपसते. बाहेरून टँकर ओतला म्हणून पाणी सर्टुइनलाच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना दहा आठवडे रोज 250 मिलिग्रॅम एनएमएन दिल्यावर त्यांच्या स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी साथ सुधारली, असे 2021 मध्ये दिसले. ही आशादायक बाब आहे. पण तो अभ्यास लहान होता आणि त्यात हृदयविकाराचे झटके मोजलेले नव्हते.

एनएडीचाच दुसरा कच्चा माल असलेल्या नायसिनचे (ब-3 जीवनसत्त्वाचे) उदाहरण मला सावध करते. 25,673 रुग्णांवरील चाचणीत नायसिनच्या मोठ्या मात्रेने झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. उलट मधुमेह, रक्तस्राव आणि संसर्ग वाढले. मुलाची कळकळ मी समजू शकतो. तरीही ती बाटली आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

प्रश्न : एकादशी आणि चतुर्थीच्या उपवासाने सर्टुइन वाढतात का? आणि रक्तातील सर्टुइन तपासून घेता येतात का? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : उपाशीपोटी आणि व्यायामाने काही सर्टुइनची क्रिया वाढते, असे प्राण्यांत आणि काही प्रमाणात माणसाच्या स्नायूंतही दिसले आहे. मात्र साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि रात्री बटाट्याचा कीस अशा दिवशी पोटात नेहमीपेक्षा कमी ऊर्जा जाते, असे मला वाटत नाही. अमेरिकेत दोन वर्षे चाललेल्या एका चाचणीत सडपातळ किंवा किंचित स्थूल अशा निरोगी व्यक्तींनी रोजचा आहार सरासरी 12 टक्क्यांनी कमी केला, तेव्हा त्यांचा रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल दोन्ही उतरले. रोजच्या ताटातली ही छोटी घट अधूनमधूनच्या फराळापेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी कडक उपवासापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, कारण साखर अचानक उतरण्याचा धोका खरा आहे.

तपासणी करून घेऊ नका. रक्तातील आकड्यावरून हृदयाच्या पेशींत सर्टुइन किती काम करत आहेत हे कळत नाही, आणि त्या आकड्यावरून कोणताही उपचार ठरत नाही. त्याच खर्चात रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) तपासून घ्या.