नोकरी, नाटक आणि उषा गांगुली

प्रश्न : मी बार्शीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. गावातल्या बायकांना घेऊन नाटकं बसवते, दोन एकांकिका स्वतः लिहिल्यात. नाटकातली जाणकार माणसं म्हणतात, नोकरी सांभाळून होतं ते हौशीच. खरं काम करायचं तर पुण्या-मुंबईला जा. शिवाय आमच्या प्रयोगाला 'बायकांचं नाटक' म्हणून बाजूला बसवतात. नोकरी सोडावी का? असं कुणी करून दाखवलंय का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : बाई, नोकरी सोडू नका. करून दाखवलेलं उदाहरणही आहे आणि ते फार मोठं आहे. कोलकात्यात हिंदी नाटक करणाऱ्या दिग्दर्शिका आणि अभिनेत्री उषा गांगुली.

त्यांचा जन्म १९४५चा, जोधपूरचा. भरतनाट्यम शिकलेल्या. १९७० साली कोलकात्याच्या भवानीपूर एज्युकेशन सोसायटी कॉलेजात त्या हिंदी शिकवायला लागल्या आणि त्याच वर्षी 'मिट्टी की गाडी' या नाटकात, म्हणजे आपल्या 'मृच्छकटिका'त, वसंतसेना म्हणून उभ्या राहिल्या. कॉलेजातून त्या निवृत्त झाल्या २००८ साली. ज्या कामासाठी त्यांना देश ओळखतो, त्यातलं जवळजवळ सगळं या दोन तारखांच्या मधलं आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९८ साली मिळाला, तेव्हाही त्या वर्गात शिकवत होत्या. अशा बाईला हौशी म्हणायची कुणाची छाती आहे?

पगार ठरलेला असला की नाटकाला तिकिटबारीच्या मागे धावावं लागत नाही. गल्ला भरेल असा विषय शोधायची सक्ती उरत नाही. तुमच्या हातात आज हे स्वातंत्र्य आहे, ते पुण्यात खोलीचं भाडं भरण्यात घालवू नका.

१९७६ साली त्यांनी 'रंगकर्मी' ही संस्था काढली. सुरुवातीला दिग्दर्शनाची घाई केली नाही. बाहेरून मोठी माणसं बोलावली. तृप्ती मित्र यांनी 'गुडिया घर' बसवलं, एम. के. रैना यांनी 'माँ'. स्वतः त्या त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि ऐंशीच्या दशकात दिग्दर्शनाकडे वळल्या. १९८४चं 'महाभोज' मन्नू भंडारींचं. पुढची दोन नाटकं तुम्हाला आपली वाटतील: रत्नाकर मतकरींची 'लोककथा' आणि महेश एलकुंचवारांचं 'होळी'. पुढे शफाअत खानांचं 'शोभायात्रा'ही त्यांनी केलं. 'लोककथा'सारखं दलितांवरच्या अत्याचाराचं मराठी नाटक कोलकात्यात हिंदीतून उभं राहिलं आणि ते बघायला बंगाली प्रेक्षकही आला. त्या शहरातल्या हिंदी रंगभूमीसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

आता 'बायकांचं नाटक' या हिणवण्याविषयी. मला हे शब्द ऐकून संताप येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या 'रुदाली' (म्हणजे पैसे घेऊन मयतावर रडणारी बाई) या कथेवरून उषाताईंनी १९९२ साली स्वतः नाट्यरूप लिहिलं, बसवलं आणि शनिचरीची मुख्य भूमिकाही केली. आपल्याकडे 'रुदाली' म्हटलं की बहुतेकांना पुढच्या वर्षी आलेला चित्रपट आठवतो. त्यात शनिचरीच्या आयुष्यात जमीनदाराचं प्रेम आहे, आणि तिची सोबतीण भिकनी शेवटी तिची आईच निघते. नाटकात यातलं काही नाही. भिकनी ही तिची जुनी मैत्रीण. दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायका एकत्र राहतात, चूल एक करतात, श्रीमंतांच्या मयतावर रडायचे पैसे घेतात. भिकनी गेल्यावर शनिचरी शहरातल्या वेश्यावस्तीत जाते आणि तिथल्या बायकांना या कामाला लावते. नवरा, मुलगा गेला तेव्हा जिला रडायलाही सवड मिळाली नाही, ती आता अश्रूंचा भाव ठरवते.

उषाताईंनी नाटकाचं सगळं वजन या दोघींच्या मैत्रीवर टाकलं. मूळ कथेत जात आणि पोटाचा प्रश्न पुढे आहे. नाटकात तो तसाच ठेवून त्यांनी बाईचं बाईशी असलेलं नातं मध्यभागी आणलं. सासू-सून, मैत्रिणी, वस्तीतल्या बायका. हे 'बायकांचं नाटक' आहे का? आहेच. आणि त्यातून जमीनदारी दिसते, जात दिसते, मरणाचा बाजार दिसतो. तुमच्या एकांकिकेत एखाद्या ऊसतोड बाईची मुकादमाकडून उचल कशी फिटत नाही हे असेल, तर ते साखरेच्या राजकारणाचंही नाटक आहे. कमीपणा घ्यायचं कारणच नाही. पाटीवर 'बायकांचं नाटक' असं तुम्ही स्वतःच मोठ्या अक्षरात लिहा.

आणखी एक गोष्ट मला या बाईंबद्दल फार प्रिय आहे. 'रंगकर्मी'नं पुढे स्वतःचं छोटं नाट्यगृह केलं, त्याचं नाव 'बिनोदिनी केया मंच'. एकोणिसाव्या शतकातल्या नटी बिनोदिनी दासींनी ज्या थिएटरसाठी आपलं आयुष्य पणाला लावलं, त्याला त्यांचं नाव देण्याचं कबूल केलं होतं. १८८३ साली ते उभं राहिलं ते 'स्टार' नावानं. केया चक्रवर्ती या कोलकात्याच्या 'नांदीकार' नाट्यसंस्थेच्या अभिनेत्री, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. १९७७ साली चित्रीकरणाच्या वेळी गंगेत बुडून गेल्या. या दोघींची नावं एका दारावर लागली. २०२०च्या एप्रिलमध्ये उषाताई गेल्या, पण मंचावर नाव त्या दोघींचं आहे, स्वतःचं नाही.

प्रश्न : आमच्या गटातल्या बायका तालमीला वेळेवर येऊ शकत नाहीत. घरचं, शेतातलं, पोरांचं. रागावले तर एकेक गळते. काय करू?
– तीच वाचक

उत्तर : रागावू नका. तालमीची वेळ तुमच्या शाळेच्या सोयीनं ठेवलीत का, ते आधी बघा. नळाला पाणी कधी येतं, एसटी कधी सुटते, हे विचारून वेळ ठरवा. पोरांना बरोबर येऊ द्या, कोपऱ्यात सतरंजी टाका. प्रत्येक भूमिका दोघींना पाठ करायला लावा; एक अडकली तर दुसरी उभी राहील, आणि दोघींचं बघून तुम्हालाही भूमिका जास्त कळेल. तासाभराच्या तालमीतली पहिली दहा मिनिटं नुसती बोलण्याची ठेवा. तिथं जे ऐकायला मिळेल ते वहीत उतरवा आणि ते नाटकात घ्यायचं असेल तर त्या बाईला आधी विचारा. ती नको म्हणाली तर घेऊ नका.

पुढच्या अंकासाठी दोन्ही एकांकिकांची संहिता पाठवा. वाचून सविस्तर लिहीन.