फूट पाडणारा नेता निवडून आला, तर त्याला संधी द्यावी का?

हो, द्यावी, पण पहिल्या दिवसापासून डोळे उघडे ठेवून. निकाल मान्य करण्यात तडजोड नको. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून हरल्यावर हिलरी क्लिंटन यांनी दुसऱ्याच दिवशी समर्थकांना सांगितलं, की मोकळ्या मनाने त्यांना कारभार करू द्यायला हवा. देशभरात क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त पडली होती, तरीही! (तिथे निकाल एकूण मतांवर नाही, तर राज्यवार ठरतो.) मला तो मोठेपणा वाटतो.

२० जानेवारी २०१७ ला शपथविधी झाला आणि २७ तारखेला सात मुस्लिमबहुल देशांतल्या नागरिकांच्या प्रवेशावर बंदी आली. लोक विमानतळांवर जमले, वकील मदतीला धावले, न्यायालयांनी तो आदेश रोखला. (पुढे त्याचं सुधारित रूप २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं.) त्या लोकांनी संधी नाकारली असं मी मुळीच म्हणणार नाही. निकाल मान्य ठेवूनही एखाद्या निर्णयाला कडाडून विरोध करता येतो.

प्रचारातल्या भाषणांपेक्षा नेमणुका आणि पहिले आदेश बघा. निर्णय चांगला असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा. मात्र ज्यांच्यावर थेट घाव बसणार आहे, त्यांना ‘जरा धीर धरा’ असं कृपया सांगू नका.