वर्तुळ अर्काचं की अल्कोहोलचं?

प्रश्न: मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कडुनिंबाच्या पाल्याचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या गळू करणाऱ्या जंतूवर तपासला. अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) पाडलेल्या, अर्क भरलेल्या भोकाभोवती 14 मिलिमीटरचं स्वच्छ, जंतू न वाढलेलं वर्तुळ आलं. हळदीला जेमतेम 8. कडुनिंब हळदीपेक्षा प्रभावी, असं लिहू का? आजीच्या पायावर गळू झालंय, त्याला हा अर्क लावू का?
— एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर: आधी आजीचं. नको लावूस. तुझ्या प्लेटवर फक्त जंतू होते. आजीच्या पायात जिवंत पेशी आहेत, पू आहे, आणि तुझा अर्क निर्जंतुक नाही. आजच डॉक्टरांकडे ने, रक्तातली साखरही तपासून घ्या.

आता वर्तुळ. अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं, आणि पत्रात नुसतं अल्कोहोल घातलेल्या भोकाचा उल्लेखच नाही. एम.एस्सी.ला मीही महिनाभर सावलीत अडुळसा वाळवला, अर्काचं वर्तुळ दिसताच प्लेट घेऊन बाईंकडे धावले. त्या एवढंच म्हणाल्या, “कोरं अल्कोहोल कुठंय?” ते लावलं. दुसऱ्या दिवशी काळ्या कागदावर प्लेट धरून पट्टीनं मोजलं, तर दोन्ही वर्तुळं सारखीच. खूप रडले होते.

म्हणून अर्कातलं अल्कोहोल वॉटर बाथवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर, पूर्ण उडव (बर्नरवर अजिबात नको, पेट घेईल). खाली उरलेला चिकट थर थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळव आणि तेवढंच नुसतं डीएमएसओ शेजारच्या भोकात घाल. सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची 5 मायक्रोग्रॅमची चकती ठेव, म्हणजे प्लेट नीट चालली की नाही तेही कळेल. भोक 6 मिलिमीटरचं असेल, तर हळदीच्या 8 मध्ये कडेचा मोकळा भाग दोन्हीकडे एकेकच मिलिमीटर आहे, हेही ध्यानात घे.

पण हळदीला कमी लेखू नकोस. हळदीतलं पिवळं द्रव्य कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अगार म्हणजे बहुतांश पाणीच, मग ते पसरणार कसं? वर्तुळावरून दोन वनस्पतींची तुलना मला मुळीच पटत नाही. त्यासाठी द्रव माध्यमात अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जा, प्रत्येक नळीत सारखेच जंतू घाल, 37 अंशांवर रात्रभर ठेव. ज्या सर्वांत पातळ नळीत वाढ नाही, ते तुझं उत्तर. हळदीच्या रंगात गढूळपणा दिसत नाही, तेव्हा शेवटी रेझाझुरिन हा निळा रंग टाक: निळ्याचं गुलाबी झालं तर जंतू जिवंत आहेत.

नवी प्लेट लावलीस की कोऱ्या भोकाचं माप मला आधी कळव.