लिव्ह-इन, सहजीवन आणि ‘विवाहसदृश’ नातं

प्रश्न असा आहे: ‘लिव्ह-इन रिलेशनशिप’ला मराठीत ‘विवाहसदृश संबंध’ म्हणावं का? बातम्यांत तो शब्द दिसतो आणि ‘सहजीवन’, ‘सहवास’ यांच्यापेक्षा भारदस्तही वाटतो.

माझं मत: सरसकट म्हणू नये. हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवले की कायद्याचा अर्थच बदलतो, आणि त्याची झळ बहुतेक वेळा बाईला बसते.

‘विवाहसदृश’ ही कल्पना 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली. लग्न न करता एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण मिळावं, म्हणून त्या कायद्याने विवाहाच्या स्वरूपाचं नातंही आपल्या कक्षेत घेतलं. मात्र त्याची व्याख्या केली नाही. पुढे 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या घातल्या. दोघं समाजात नवरा-बायकोसारखे वावरत असावेत, वयाने आणि इतर बाबतींतही लग्नाला पात्र असावेत, त्यातलं कुणी आधीच विवाहित नसावं आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. या कसोट्यांवर अनेक लिव्ह-इन नाती उतरत नाहीत. 2013 च्या इंद्रा शर्मा खटल्यात पुरुष विवाहित आहे हे स्त्रीला माहीत होतं, म्हणून अनेक वर्षं एकत्र राहूनही ते नातं विवाहसदृश ठरलं नाही. ते लिव्ह-इन होतं, याबद्दल मात्र वाद नव्हता. फरक नेमका इथे आहे.

वेलुसामी निकालातच ‘ठेवलेली बाई’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला होता. तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि तो रास्तच होता. आपणही ‘ठेवलेली’, ‘रखेल’ हे शब्द लिखाणातून काढून टाकायला हवेत, कारण त्यांत नात्याचं वर्णन नसतं, नुसता बाईवर शिक्का असतो.

आणखी एक गफलत. दीर्घकाळ पती-पत्नीसारखं राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालंच असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. 1978 च्या बद्रीप्रसाद खटल्यात सुमारे 50 वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याबाबत तसंच झालं. तिथे न्यायालयाने लिव्ह-इनला मान्यता दिली नव्हती, लग्न झाल्याचं मानलं होतं. म्हणून अशा जोडप्याला ‘लिव्ह-इनमधलं’ म्हणणं चूक आहे.

उत्तराखंडच्या 2024 च्या समान नागरी संहितेने मात्र लिव्ह-इनची व्याख्याच विवाहाच्या स्वरूपाचं नातं अशी केली आणि नोंदणी सक्तीची केली. त्या राज्यापुरते हे दोन शब्द जवळ आले आहेत. देशभरच्या बातमीत तो अर्थ ओढून आणू नये.

‘मैत्रीकरार’ हाही पर्याय कुणी सुचवतात. गुजरातेत विवाहित पुरुषांनी दुसऱ्या स्त्रीबरोबर केलेल्या करारांना हे नाव होतं, आणि त्याने पत्नीचा दर्जा मिळत नव्हता. तो शब्द नकोच.

मग लिहावं काय? सर्वसाधारण उल्लेखाला ‘लिव्ह-इन’ किंवा ‘लग्नाविना एकत्र राहणं’ पुरेसं आहे. ‘सहजीवन’ सुंदर शब्द आहे, पण सहजीवन लग्न झालेल्यांचंही असतं, तेव्हा ‘विवाहाविना सहजीवन’ असं स्पष्ट करावं. ‘सहवास’ला शरीरसंबंधाची छटा आहे, तो जपून वापरावा. ‘विवाहसदृश’ मात्र वर सांगितलेल्या कायद्याचा किंवा न्यायालयाच्या कसोट्यांचा संदर्भ असेल तरच.