वाचकांचे प्रश्न : टोकन भरले, पत्ता मात्र जुनाच

प्रश्न : ऐरोलीतील एका कंपनीत मी जावाच्या एका जुन्या प्रकल्पाचे काम पाहतो. त्याचा बिल्ड, म्हणजे कोडपासून वापरायचे पॅकेज बनवण्याचे काम, अँट या साधनावर चालतो. सेटिंगच्या फाइलमध्ये @डीबी_होस्ट@ अशी (प्रत्यक्षात इंग्रजी मोठ्या अक्षरांत) टोकने, म्हणजे नंतर भरायच्या जागांच्या खुणा, ठेवलेली असून बिल्ड होताना ‘रिप्लेस’ हा अँटचा टास्क (तयार आज्ञा) त्यांच्या जागी खरी मूल्ये भरतो. गेल्या महिन्यात आम्ही आधी चाचणीचा आणि लगेच त्याच फोल्डरमधून प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापराचा, बिल्ड काढला, तेव्हा प्रॉडक्शनच्या फाइलमध्ये चाचणीच्या सर्व्हरचाच पत्ता निघाला. बिल्ड मात्र ‘यशस्वी’ असेच सांगत होता. असे कशामुळे झाले असावे?

उत्तर : ‘त्याच फोल्डरमधून’ या तुमच्या शब्दांतच कारण सापडते. ‘रिप्लेस’ टास्क नवी फाइल तयार करत नाही, तो दिलेल्या फाइलमध्येच बदल करतो. पहिल्या बिल्डमध्ये टोकनाच्या जागी चाचणीचा पत्ता लिहिला गेला आणि टोकन कायमचे पुसले गेले. दुसऱ्या बिल्डला शोधायला काही उरलेच नाही. काहीही न बदलणे ही अँटच्या दृष्टीने चूक नसते, म्हणून तो गप्प राहिला. अँटच्या १.८.० या आवृत्तीपासून या टास्कला ‘फेल-ऑन-नो-रिप्लेसमेंट्स’ हा गुणधर्म देता येतो. तो चालू असता तर दुसरा बिल्ड तिथेच थांबला असता. मात्र तो आपणहून चालू नसतो.

हा गुणधर्म लावून मोकळे व्हावे, असे मात्र मी सुचवणार नाही, कारण खरी चूक मूळ फाइलला हात लावण्याची आहे. न्यायालयाबाहेर बसणारा टंकलेखक प्रतिज्ञापत्राच्या कोऱ्या नमुन्यावरच पक्षकाराचे नाव टंकत नाही, तो नमुन्याची प्रत घेतो. तुम्हीही टोकने असलेली फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जशीच्या तशी राहू द्या आणि ‘कॉपी’ टास्कच्या आत ‘फिल्टरसेट’, म्हणजे टोकने व त्यांची मूल्ये यांची यादी, देऊन, भरलेली प्रत बिल्डच्या वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. फिल्टरसेटमध्ये टोकनाच्या दोन्ही बाजूंना @ हेच चिन्ह मुळात धरलेले असते, त्यामुळे तुमची टोकने बदलावी लागणार नाहीत.

एवढा बदल केल्यावरही पुढच्या आठवड्यात तुम्हाला हुबेहूब हाच दोष पुन्हा दिसण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी त्याचे कारण वेगळे असेल. ‘कॉपी’ टास्क मूळ फाइलची आणि प्रतीची वेळ ताडून पाहतो व मूळ फाइल प्रतीपेक्षा नवी असेल तरच प्रत काढतो. चाचणीनंतर लगेच प्रॉडक्शनचा बिल्ड काढताना बदलतात ती मूल्ये. टोकनांची फाइल तशीच असते. त्यामुळे ‘प्रत अद्ययावत आहे’ असे समजून अँट पुढे सरकतो आणि चाचणीचा पत्ता पुन्हा तिथेच राहतो. या टास्कला ‘ओव्हरराइट’ हा गुणधर्म ‘ट्रू’ असा द्यावा किंवा प्रत्येक बिल्डपूर्वी बिल्डचे फोल्डर पुसून टाकावे. मी दोन्ही करतो. त्यात जाणारे काही सेकंद मला कधी जड वाटलेले नाहीत.

ज्या टोकनाला मूल्यच दिलेले नाही, ते फिल्टरसेट जसेच्या तसे सोडून देतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मेवन या दुसऱ्या बिल्ड-साधनात टोकने भरणाऱ्या रिसोर्स फिल्टरिंगचेही तसेच आहे. म्हणून बिल्डच्या शेवटी, तयार झालेल्या फाइलमध्ये दोन @ चिन्हांच्या मध्ये फक्त इंग्रजी मोठी अक्षरे व अधोरेखा असलेला मजकूर ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधावा, आणि तो सापडल्यास बिल्ड पाडावा. नमुना इतका नेमका ठेवला म्हणजे एकाच ओळीत दोन ईमेल पत्ते आले तरी उगाच बोंब होत नाही.

चित्रे, फाँट, प्रमाणपत्रांच्या बायनरी फाइल अशा गोष्टी या कॉपीतून वगळाव्यात, कारण फिल्टर प्रत्येक फाइल मजकूर समजून वाचतो आणि बायनरी फाइल बिघडवतो. मराठी मजकुरालाही जपावे लागते. ‘कॉपी’ला एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) सांगितले नाही तर जावाचे मूळ एन्कोडिंग वापरले जाते, आणि जावा १७ पर्यंत विंडोजवर ते बहुधा १२५२ हे कोडपेज असते, जावा १८ पासून ते सर्वत्र यूटीएफ-८ झाले. या कोडपेजमध्ये पाच बाइटना अक्षरच नेमलेले नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये ‘ऐ’, ‘ए’, ‘झ’ आणि मुख्य म्हणजे हलन्त यांच्या शेवटी नेमके तेच बाइट येतात. परिणामी अशा बिल्डमधून ‘ठाणे’ सुखरूप बाहेर पडते, ‘ऐरोली’चे पहिले अक्षर गळते आणि जोडाक्षरांची दुर्दशा होते. एन्कोडिंग आणि आउटपुट-एन्कोडिंग या दोन्हींत यूटीएफ-८ लिहून टाकावे.

सवड मिळेल तेव्हा मुळातलाच एक प्रश्न विचारात घ्यावा. आवृत्तीचा क्रमांक, बिल्डची तारीख या गोष्टी बिल्डच्या वेळी भरणे योग्यच आहे, कारण त्या त्या बिल्डच्याच असतात. डेटाबेसचा पत्ता मात्र जागेनुसार बदलतो, आणि त्याच्यासाठी दोनदा बिल्ड काढला की जे पॅकेज तपासले ते प्रॉडक्शनला जातच नाही, त्याचे भावंड जाते. पत्ते सर्व्हरवरील फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या मूल्यांतून) वाचावेत आणि पॅकेज एकच ठेवावे. पासवर्ड तर टोकनाच्या वाटेनेही पॅकेजमध्ये येऊ देऊ नये.

प्रश्न : आम्ही वागळे इस्टेटमध्ये डॉकर, म्हणजे तयार ‘इमेज’वरून प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारे साधन, वापरतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची सेटिंग फाइल ‘एन्व्हसब्स्ट’ या व्हेरिएबलची मूल्ये भरणाऱ्या आज्ञेमधून काढली, तेव्हा आमचे व्हेरिएबल भरले गेले, पण $होस्ट, $यूआरआय हे एनजिनएक्सचे स्वतःचे शब्द गायब झाले.

उत्तर : एन्व्हसब्स्ट डॉलरने सुरू होणारे प्रत्येक नाव आपलेच समजतो आणि त्याचे मूल्य न सापडल्यास तिथे रिकामी जागा सोडतो; अँटचा फिल्टरसेट टोकन तसेच ठेवतो, हा ठेवत नाही. ज्या व्हेरिएबलची मूल्ये भरायची आहेत त्यांचीच यादी, एकेरी अवतरणात, त्याला आज्ञेसोबत द्यावी. एनजिनएक्सची अधिकृत डॉकर इमेज १.१९ किंवा त्यानंतरची असेल तर तेही करायला नको : फाइल ‘टेम्पलेट्स’ फोल्डरमध्ये ठेवली की कंटेनर सुरू होताना ती इमेज प्रत्यक्ष अस्तित्वात असलेली व्हेरिएबलच भरते.