दिवस वर गेल्यावर गर्भजलाचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : माझ्या सुनेची पहिलीच खेप आहे. दिलेली तारीख उलटून पाच दिवस झाले, तरी कळा नाहीत. सोनोग्राफीच्या अहवालात ‘एएफआय (गर्भजल निर्देशांक) ६’ आणि ‘सर्वांत खोल कप्पा २.८ सें.मी.’ असे आहे. पाणी कमी झाले का? पहिलटकरणीचे दिवस वर जातातच, नारळपाणी पाजा, असे शेजारणी सांगतात. थांबावे का?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याला फोनवर तातडीने कळविले होतेच, हे उत्तर इतर वाचकांसाठीही आहे.

दोन्ही आकडे मर्यादेत आहेत. एएफआयसाठी पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातील सर्वांत खोल कप्प्याची उभी खोली, नाळ व हातपाय टाळून, मोजतात आणि चारींची बेरीज करतात. ती ५ सें.मी. किंवा त्याहून कमी आल्यास पाणी कमी मानतात. दुसऱ्या पद्धतीत एकच, सर्वांत खोल कप्पा पाहतात व तो निदान २ सें.मी. असावा लागतो. या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत असे दिसले, की बेरजेमुळे ‘पाणी कमी’ हा शेरा अधिक जणींना मिळतो, कळा आणण्याचे व सिझेरियनचे प्रमाण वाढते, पण बाळांची प्रकृती त्यामुळे सुधारत नाही. म्हणून मी ६ पेक्षा २.८ ला अधिक वजन देईन.

नारळपाण्याने आकडा थोडा वाढू शकतो. परंतु शेवटच्या महिन्यांत हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते आणि वार (गर्भाशयातून बाळाला पोषण पुरवणारा अवयव) थकली की बाळाच्या मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाऊन ते घटते. थकलेल्या वारेवर नारळपाणी हा उपाय नव्हे.

पहिलटकरणीचे दिवस वर जातात, हे शेजारणींचे म्हणणे अगदीच खोटे नाही, मात्र आधी तारीख पक्की हवी. पाळीची तारीख अंदाजे सांगितली असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी ग्राह्य धरावी. नवव्या महिन्यातील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख फार चुकू शकते.

पाणी पुरेसे असले, तरी ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे दिलेल्या तारखेला आठवडा उलटल्यावर, कळा आणण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. त्यासाठी सिझेरियनची सोय असलेले रुग्णालय हवे. पावसाळ्यात नाल्याच्या पुराने वाट बंद होत असेल, तर आशाताईंशी बोलून सुनेला आधीच तिथे न्यावे. बाळाची हालचाल मंदावली, पाणी गळू लागले, ते हिरवट दिसले किंवा रक्त गेले, तर अहवाल कितीही चांगला असो, लगेच १०८ वर फोन करावा.